गणेशकुमार एकदाच सांगतो

गणेशकुमारने तिसरा कीबोर्ड गुडघ्यावर आपटून मोडला, तेव्हा तो कडाका राजवाड्यामागच्या सगळ्या गल्लीने ऐकला आणि एकही दार उघडलं नाही. कोण उठणार हो? त्या घरातून काहीतरी फुटल्याचा आवाज येणं म्हणजे गल्लीला दूधवाल्याची हाक. बायका फोडणीत मोहरी टाकता टाकता एवढंच विचारत, "वस्तू की माणूस?" वस्तू असली तर फोडणी पुढे चालू. माणूस असला तर गॅस बंद करून लगबगीने निघायचं, म्हणजे पुढची जागा मिळते.

ही तंजावूरची मराठी मंडळी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, पगार इंग्रजीत. गणेशकुमार मारामारी मात्र तिन्ही भाषांत करायचा.

माणूस वाईट नव्हे, हे त्याच्या हातचा मार खाल्लेलेसुद्धा कबूल करतात. त्याचं दुखणं एकच. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगायची वेळ आली की त्याचा उजवा हात त्याच्या ताब्यात राहत नसे. शाळेत शेजारच्या मुलाला "कोपर सरकव" म्हणून सांगितलं. मुलाने सरकवलं नाही. दुसऱ्यांदा सांगण्याऐवजी गणेशकुमारने कंपासचं टोक कोपरात घातलं. पुढे चेन्नईला संगणकाच्या कंपनीत लागला. तिथल्या साहेबाने एकाच चुकीचा खुलासा पुन्हा पुन्हा मागितला. गणेशकुमारने शांतपणे स्टेपलर उचलला आणि साहेबाचा टाय टेबलावरच्या गठ्ठ्याला ठोकून टाकला. टाय साहेबाच्या गळ्यातच होता. साहेब उठायला गेला आणि कपाळावर आपटला. गणेशकुमार त्याच संध्याकाळच्या गाडीने तंजावूरला परत. तेव्हापासून घरच्या पुढच्या खोलीत बसून दुकानांची बिलं, शाळांची फी, दवाखान्यांची टोकनं, असले प्रोग्राम करून देतो.

बायकोवर त्याने कधी हात उचलला नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर लोक भलतंच समजतील. भुवनाने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विळीवर नारळ खोवता खोवता त्याला म्हटलं होतं, "माझं पातं कुठल्या बाजूला आहे ते बघून बोला हं." त्याने बघितलं. विषय संपला.

पण लग्नातच जे घडायचं ते घडून गेलं होतं. भुवनाचं माहेर ओरत्तनाडुच्या पलीकडे, मेलक्काडु गावात. वडील सीतारामराव, जमीनवाले, गावच्या जल्लीकट्टूच्या, म्हणजे बैल सोडून धरायच्या खेळाच्या, कमिटीचे प्रमुख, पिळदार मिशीचे. लग्नाच्या पंगतीत भुवनाचा भाऊ विश्वेश वाढत होता. नवरदेवाला आग्रह करायचा ही आपली रीत, जितका नवरा नाही म्हणेल तितकं वाढायचं. गणेशकुमार म्हणाला, "पुरे." विश्वेशने हसत पायसमची खीर ओतली. गणेशकुमारने पानावर हात आडवा धरला. विश्वेशने हातावर ओतलं. सगळी पंगत हसली. पुढच्या क्षणी पायसमचा पितळी डाव विश्वेशच्या तोंडावर बसला होता आणि त्याचा समोरचा दात शेजारच्या काकांच्या ताकात पडला होता.

सीतारामरावांनी मांडवातच जाहीर केलं, "हा माणूस माझा उंबरा ओलांडणार नाही. एकदा सांगितलं."

बघा, सासराही त्याच जातीचा. त्यावर भुवना नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. "ज्या घरात यांना बंदी, तिथे माझंही पाऊल पडणार नाही. मीही एकदाच सांगते."

तेव्हापासून मायलेकी ओरत्तनाडुच्या देवळात भेटत. एकमेकींच्या डब्यातलं खात, रडत, आणि आपापल्या बसने परत जात. पण गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला, आणि देवळापर्यंत येणं बंद झालं. भुवना फोनवर बोले, फोन ठेवे, आणि मग नवऱ्याकडे अशी बघे की त्याच्यापेक्षा विळी बरी.

तर कीबोर्डचं सांगत होते. हल्ली प्रोग्राम हाताने लिहावा लागत नाही म्हणे. संगणकात एक एआय मदतनीस असतो, त्याला साध्या भाषेत सांगायचं, तो लिहून देतो. गणेशकुमारने पापनाशमच्या एका दवाखान्याचं टोकनाचं काम त्याच्याकडून करून घ्यायला सुरुवात केली. सांगितलं, तारखेत आधी दिवस, मग महिना. पेशंटचं नाव तमिळमध्ये. पैशांच्या भागाला हात लावायचा नाही. मदतनिसाने लोण्यासारखं काम केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा उघडला तर स्वारी कोरी. महिना आधी, नाव इंग्रजीत, आणि पैशांच्या भागाची खुशाल उलथापालथ.

"अरे, काल सांगितलं ना तुला!"

कालचं त्याला काही ठाऊकच नव्हतं. त्याने नम्रपणे माफी मागितली. तीच गणेशकुमारला जास्त झोंबली. शाळेतल्या मुलाने निदान उलटा गुद्दा तरी घातला होता. इथे मारायला गालच नाही. म्हणून कीबोर्ड.

तिसरा मोडला तेव्हा त्याची पुतणी हरिता घरी आलेली होती. चेन्नईत याच धंद्यात आहे, डोक्याने तल्लख आणि जिभेने काकाच्या वरताण. तिने जमिनीवरची बटणं गोळा करत विचारलं, "काका, याला मारून काय मिळणार? हा रोज सकाळी नव्याने जन्माला येतो."

"मग रोज सकाळी मारीन."

"त्यापेक्षा एक फाईल लिहा. कायमच्या सूचना. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवायची. कामाला हात घालण्याआधी हा दर वेळी ती वाचतो. तुम्ही एकदा लिहायचं, त्याने रोज पाळायचं."

"एकदा?"

"एकदाच."

गणेशकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं, असं हरिता आजही शपथेवर सांगते.

त्याने फाईल लिहिली. देवनागरी त्याला कुठली येणार, घरात कोणालाच येत नाही. रोमन अक्षरांत मराठी, मध्येच तमिळ, शिवी आली की इंग्रजी. मदतनिसाला सगळं कळलं. तारखेचं लिहिलं, नावांचं लिहिलं, पैशांचं लिहिलं. खाली लिहिलं, "माफी मागू नको. गोड बोलू नको. प्रश्न विचारू नको. सांगितलं तेवढं कर."

हरिता म्हणाली, "प्रश्नांचं तेवढं काढा, काका. शंका आली तर विचारू दे त्याला."

"शंका यावी असं मी लिहीतच नाही."

"त्या फाईलमध्ये नसलेलं त्याला कुठून कळणार?"

"त्यात सगळं आहे," गणेशकुमार म्हणाला, आणि तिला तिसऱ्यांदा बोलायची सोय ठेवली नाही.

त्यानंतर गल्लीत काही दिवस काहीही फुटलं नाही. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. जन्मात पहिल्यांदा गणेशकुमारचं एकदा सांगितलेलं कोणीतरी रोज न चुकता ऐकत होतं. त्या आनंदात त्याने घरासाठीही कायमच्या सूचना लिहून फ्रीजवर चिकटवल्या. भुवनाने त्याखाली एकच ओळ लिहिली, "ज्याने हे लिहिलं त्याने आजपासून स्वयंपाक करावा." कागद संध्याकाळपर्यंत गेला. फ्रीजच्या दारावरचा खड्डा अजून आहे.

आणि एके दिवशी सकाळी दारात पिळदार मिशी उभी राहिली.

सीतारामराव आत आले नाहीत. बाहेरच्या ओट्यावर बसले, काठी मांड्यांवर आडवी ठेवली. विश्वेश मागे उभा, नव्या दातासकट. भुवनाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि वडिलांकडे न बघता उभी राहिली.

"गेल्या वर्षी बैल सोडण्याच्या क्रमावरून दोघांची डोकी फुटली," सीतारामराव म्हणाले, जावयाकडे न बघता, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखे. "या वर्षी पोरं म्हणतात, कंप्यूटरवर नोंदणी करा. पडद्यावर येईल तो क्रम. कोणाची वशिलेबाजी नको."

"अक्काचा नवरा टोकनाचं करतो, हे मीच सांगितलं," विश्वेश म्हणाला. "मला पस्तावा होतोय, ते वेगळं."

"मामा, करून देतो," गणेशकुमारही सासऱ्याऐवजी भिंतीकडे बघून म्हणाला.

"अट आहे. सगळं पार पडेपर्यंत तुझा हात कोणावर उठला नाही, तर दोघांनी घरात पोंगलचा गोड भात जेवायला यायचं. उठला, तर उंबरा बंद तो बंदच. एकदा सांगितलं."

"कोणावरच नाही?"

"कोणावरच नाही."

"विश्वेशवरसुद्धा?" गणेशकुमारने विचारलं. भुवनाने त्याचा दंड असा चिमटीत धरला की त्यानेच "मान्य" म्हणून टाकलं.

सासरा गेल्यावर भुवना बोलली. आवाज अगदी खाली. "आई बिछान्यावर आहे. मला तिचे केस विंचरायचे आहेत. तुम्ही फक्त हात खिशात ठेवा."

गणेशकुमार कामाला लागला. नव्या प्रोजेक्टसाठी नवी फाईल. गावातल्या लोकांना तो ओळखून होता, आणि स्वतःला त्याहून जास्त. लिहिलं, "बैलांचा क्रम नोंदणीच्या वेळेप्रमाणे. आधी आला तो आधी. कोणाच्या सांगण्यावरून क्रम बदलायचा नाही. माझ्या सासऱ्याच्या नाही, मेहुण्याच्या नाही. मी स्वतः रागात बदल म्हणालो तरी बदलायचा नाही. प्रश्न विचारू नको." लिहून झाल्यावर त्याने खुर्चीत मागे रेलून स्वतःच्याच दोरीने स्वतःला बांधल्याचं समाधान उपभोगलं.

नोंदणी सुरू झाली त्या सकाळी पहिला आला सुब्रह्मण्य. वीटभट्टीचा मालक, मानेला सोन्याची साखळी, मनगट भुवनाच्या खलबत्त्याएवढं. त्याचा काळा बैल दोन वर्षं कोणाच्या हाती लागला नव्हता. पहिला नंबर बघून त्याने मेलक्काडुच्या चौकात फटाके लावले. त्याच चौकात गणेशकुमारने कमिटीच्या कर्ण्यावरून सांगितलं, "जो क्रम पडद्यावर, तोच क्रम मैदानात. माझा बाप वरून उतरला तरी बदलणार नाही. मी एकदाच सांगतो." टाळ्या पडल्या. सीतारामरावांनी मिशीला हात लावला.

क्रमाची छापील पानं गावभर गेली. प्रत्येकाने आपापला बैल शोधला, शेजाऱ्याचा शोधला, आणि पान खिशात घातलं. दुसरं कोण काय बघणार?

पोंगलनंतरचा तो दिवस. मैदानाभोवती बांबूचं कुंपण, मचाणांवर माणसं लटकलेली, मधोमध ते अरुंद दार, वाडिवासल, जिथून एकेक बैल बाहेर झेपावतो. दारासमोर पिवळे गंजीफ्रॉक घातलेली पोरं, वशिंडाला मिठी मारायला टपलेली. बाजूला मोठा पडदा. गणेशकुमार कमिटीच्या मांडवात लॅपटॉपसमोर बसलेला, डावा हात कीबोर्डवर, उजवा खरोखरच पँटच्या खिशात. भुवना मांडवाच्या मागे. येताना माहेरच्या घरासमोरून जाताना तिने मान वर केली नव्हती.

पडदा उजळला. पहिलं नाव: सुब्रह्मण्य, काळा बैल.

सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. मग मचाणावरून कोणीतरी ओरडलं, "डेय! देवळाचा बैल कुठंय?"

आता हे कोणाला सांगावं लागतं का? देवळाचा बैल आधी सुटतो. त्याला कोणी धरत नाही, कोणी शिवत नाही, हात जोडतात, तो निघून जातो, मग खेळ सुरू. मेलक्काडुत हे कुत्र्यांनाही ठाऊक. म्हणूनच गणेशकुमारने लिहिलं नव्हतं. म्हणूनच पुजाऱ्याने सवडीने, सगळ्यांच्या मागून नोंदणी केली होती. म्हणूनच सीतारामरावांनी विचारलं नव्हतं. ज्याला ठाऊक नव्हतं असा सगळ्या पंचक्रोशीत एकच होता, आणि त्याला प्रश्न विचारायची बंदी होती. देवाचा बैल यादीच्या तळाशी, ओरत्तनाडुच्या एका कसायाच्या बैलाच्याही मागे, मुकाट उभा होता.

गणेशकुमारने खिशातला हात काढला आणि टाइप केलं, तिन्ही भाषांत. देवळाचा बैल वर घे, मूर्खा, आत्ता, या क्षणी.

मदतनीस उत्तरला, "तुमच्या सूचनांनुसार, तुम्ही रागात सांगितलं तरी क्रम बदलायचा नाही. बदलायचाच असेल तर ती सूचना आधी बदला. नोंद: 'देऊळ' या नावाला मालक नाही, हे मी क्रम दिला तेव्हाही खाली लिहिलं होतं."

लिहिलं होतं खरं. बारीक अक्षरांत. वाचतो कोण?

गणेशकुमारच्या मानेची शीर तट्ट फुगली. लॅपटॉप डोक्याच्या वर गेलासुद्धा. मागून भुवनाचा आवाज आला, "अहो." एवढाच. त्याने लॅपटॉप खाली ठेवला, फाईल उघडली, रागाची ओळ पुसली, प्रश्नांची ओळ पुसली आणि लिहिलं, "देवळाचा बैल सगळ्यांत आधी. तो देवाचा आहे. त्याला नंबर नसतो." मदतनिसाने आता विचारलं, "आज अशी आणखी कोणती रीत पाळायची आहे का?" पण तोवर पडदा बदलला होता आणि उत्तर द्यायला कोणी मोकळं नव्हतं.

पडद्यावरून सुब्रह्मण्यचं नाव खाली सरकलं. त्याने ते खाली सरकताना बघितलं. तिथेच सगळं फिसकटलं. देवळाच्या बैलाला त्याचा विरोध नव्हता, म्हणे. पण ज्याने कर्ण्यावरून बापाची शपथ घेतली, त्याने सगळ्या गावादेखत पडदा फिरवला, आणि तोही सासऱ्याच्या मांडवात बसून!

"सासऱ्याची चाकरी करतोस काय रे?" तो मांडवात घुसला. मागे त्याचे भट्टीवरचे गडी, हातात बैल हाकायच्या काठ्या. "तू एकदाच सांगतोस ना? मग हे दुसरं काय?"

"अण्णा, देवळाचा बैल..."

पहिला गुद्दा नाकावर आला. गणेशकुमारच्या ओठांवरून ऊन, खारट रक्त खाली उतरलं. त्याने उजवा हात पुन्हा खिशात कोंबला. गड्यांपैकी एकाने लॅपटॉप उचलून खांबावर मारला, दोन तुकडे. दुसऱ्याने काठी बरगडीवर घातली. आतून ओली काटकी मोडल्यासारखा आवाज आला आणि गणेशकुमार गुडघ्यावर आला. गल्लीतली चारदोन माणसं तिथे होती. ती म्हणतात, आयुष्यभर या माणसाला मार देताना बघितलं, घेताना पहिल्यांदा बघितलं, आणि ते बघवेना. तो खाली मान घालून एकच पुटपुटत होता, "केस विंचरायचेत. केस विंचरायचेत." मारणाऱ्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

आता सगळं मैदान एकमेकांवर तुटून पडलं. देऊळवाले भट्टीवाल्यांवर, भट्टीवाले कमिटीवर, आणि ज्यांना कशाचं काही नव्हतं ते जवळ सापडेल त्याच्यावर. मचाण कोसळलं. बांबू उपसले गेले. पोलीस शिट्ट्या फुंकत होते, त्यातल्या एकाची शिट्टी दातांसकट आत गेली. कोणाचा तरी कान लोंबत होता आणि तो तसाच दुसऱ्याला लाथा घालत होता.

त्या गोंधळात विश्वेशने काय केलं? वाडिवासलपाशी धावला आणि देवळाच्या बैलाचा दोर कापला.

बैल बाहेर आला. पांढराशुभ्र, शिंगांना हळद, गळ्यात माळ. आणि काय सांगावं, जिथे तो येईल तिथे मारामारी थांबली. काठ्या खाली आल्या. रक्ताळलेले हात जोडले गेले. सुब्रह्मण्यने एका हाताने विश्वेशच्या चुलत्याचा गळा धरला होता, त्याने तो तसाच धरून दुसरा हात कपाळाला लावला. बैल सावकाश सगळ्यांमधून चालत मैदानापलीकडे गेला. वळणाआड गेला. आणि मग सगळ्यांनी पुन्हा एकमेकांना धरलं.

त्यापाठोपाठ सुब्रह्मण्यचा काळा सुटला. तो काही चालत आला नाही. एका पिवळ्या गंजीवाल्याची मांडी त्याने उघडली आणि त्याला कुंपणावर टाकलं. पोरगं जगलं, पण मांडीतलं पांढरं हाड सगळ्यांनी बघितलं.

सीतारामराव मांडवाच्या तोंडाशी उभे राहून "थांबा रे, थांबा!" म्हणून ओरडत होते. मागून एका गड्याची काठी त्यांच्या डोक्यात बसली. पागोटं उडालं. म्हातारा वळला, कोणी मारलं ते बघायला. कपाळावरून रक्त मिशीत उतरलं. गड्याने काठी पुन्हा उचलली, या वेळी दोन्ही हातांनी, लाकूड फोडायला उचलतात तशी.

गणेशकुमार गुडघ्यावर होता. त्याने आधी भुवनाकडे बघितलं. भुवनाने वडिलांकडे बघितलं. मग तिने मान हलवली. होकाराची की नकाराची, हे तिला अजून सांगता येत नाही.

उजवा हात खिशातून निघाला.

त्या हाताने काठी हवेतच धरली, पिरगाळली, आणि गड्याच्या जबड्यावर जो ठोसा बसला त्याचा आवाज बैलांनीही ऐकला असेल. गडी आडवा. सुब्रह्मण्य धावून आला. त्याची सोन्याची साखळी गणेशकुमारने मुठीत गुंडाळली आणि त्याचं डोकं मांडवाच्या खांबावर आपटलं, पुन्हा आपटलं, पुन्हा आपटलं. साखळी तुटली तेव्हा थांबला. त्याच्या हाताची मधली दोन बोटं उलट्या दिशेला वळलेली होती, हे त्याला नंतर कळलं.

जादा पोलीस आल्यावर मैदान निवळलं. जखमींना गाड्यांत घातलं. सीतारामरावांना चौघांनी घरी नेलं, ओट्यावर बसवलं, डोक्याला पंचा बांधला. गणेशकुमार आणि भुवना मागोमाग आले आणि अंगणात, पायरीपाशी थांबले. दार सताड उघडं होतं. आतून पोंगलच्या तुपाचा वास येत होता.

"मी काय सांगितलं होतं?" सीतारामराव म्हणाले. आता मात्र जावयाच्या डोळ्यांत बघून.

"हात उचलायचा नाही."

"उचललास."

"उचलला, मामा."

"का?"

"दुसरी काठी येत होती. तिचं काय करायचं ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

म्हाताऱ्याच्या मिशीतून रक्ताचा थेंब धोतरावर पडला. "सांगितलं नव्हतं खरं," तो हळूच म्हणाला. "पण जे सांगितलं, ते सांगितलं. मी शब्द फिरवत नाही. आज एकाने पडदा फिरवला, त्याचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं."

भुवनाने नवऱ्याचा न मोडलेला हात धरला. "चला. बस मिळेल." आवाज कोरडा होता, डोळे नव्हते.

ती वळली आणि आतून एक हाक आली. अशी की ओट्यावरचा कावळा उडाला.

"विश्वेश! मेलास काय रे? चौघांना बोलाव आणि मला उचला!"

"अम्मा, डॉक्टरने हलायचं नाही म्हटलंय..."

"डॉक्टरला मी बघते! उचल म्हणते ना, बिछान्यासकट उचल!"

चौघांनी खाट उचलली. दारात ती अडकली, एक पाय उंबऱ्यावर आपटला, म्हातारी कण्हली, चौघांच्याही आईबापांचा उद्धार केला, आणि खाट बाहेर आली. ओट्यावर ठेवली. तिने आधी नवऱ्याचं डोकं बघितलं, मग जावयाचं नाक, मग त्याची वाकडी बोटं.

"यांना उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, हो ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "नका घेऊ. तुमचा शब्द तुमच्यापाशी ठेवा. मी बाहेर यायचं नाही, असं कोणी सांगितलं नव्हतं ना? विश्वेश, पानं इथेच अंगणात मांड. तुझ्या वडिलांचंही पान इथेच."

सीतारामरावांनी तोंड उघडलं.

"तुम्ही एकदा सांगितलंत," म्हातारी म्हणाली. "आता मी सांगते. बसा."

ते बसले. मांडी घालताना डोकं गरगरलं, तेव्हा गणेशकुमारनेच डाव्या हाताने खांद्याला आधार दिला. म्हाताऱ्याने तो हात झटकला नाही.

भुवना खाटेच्या उशाशी बसली. आईचे केस महिनोन्महिने कोणी नीट उलगडले नव्हते, खालून जटा झाल्या होत्या. ती बोटांनीच गाठी सोडवू लागली. आई दर गाठीला "हळू गं" म्हणे आणि लगेच "थांबू नको" म्हणे.

रस्त्याच्या टोकाला भट्टीवाले पुन्हा जमत होते. हातात काठ्या, डोक्याला पट्ट्या. विश्वेशने ते बघितलं आणि भाताचं भांडं खाली ठेवून बांबू शोधायला लागला. गणेशकुमारही अर्धवट उठला.

"खाली बसा रे दोघे," म्हातारी मान न वळवता म्हणाली, कारण केस भुवनाच्या हातात होते. "आधी जेवा. भात निवतोय. ते काय, उभे आहेतच."